आधी पाकीट, मग भेटकार्ड

हाताने केलेल्या भेटकार्डात पाहणाऱ्याचे लक्ष सर्वांत आधी सजावटीकडे जाते, आणि म्हणूनच हा छंद नव्याने लागलेला माणूस नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन टिकल्या, मणी, चमकी, गोटा आणि रंगीत टेप यांनी पिशवी भरून आणतो, कागद मात्र घरात जो असेल तो वापरतो. माझी सुरुवातही अशीच झाली. पहिल्या दिवाळीला मी मोठ्या हौसेने बारा कार्डे केली. त्यांतले एकही बाजारातल्या कोणत्या पाकिटात मावेना, आणि घडीवरचा गडद निळा कागद तडकून आतला पांढरा रंग दिसू लागला. ती कार्डे शेवटी घरोघरी जाऊन हातात द्यावी लागली. तेव्हापासून मी कामाचा क्रम उलटा केला आहे : आधी पाकीट, मग घडी, मग मजकूर आणि सर्वांत शेवटी सजावट. पुढील सर्व सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

आकार पाकिटावरून ठरवावा

छंद म्हणून कार्डे करणाऱ्याला एकच आकार पुष्कळ दिवस पुरतो. ए-४ आकाराची कार्डशीट २१० × २९७ मिलिमीटर असते. तिची लांबी निम्मी करून आडवी कापली की २१० × १४८.५ मिलिमीटरचे दोन तुकडे मिळतात, आणि त्यांतला प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की १०५ × १४८.५ मिलिमीटरचे कार्ड तयार होते. म्हणजे एका शीटमध्ये दोन कार्डे होतात आणि कागदाची चिंधीही वाया जात नाही. या कार्डासाठी ११४ × १६२ मिलिमीटरचे तयार पाकीट योग्य ठरते. दुकानदार त्याला सी-६ म्हणून ओळखत नसेल तर कार्डाचा कोरा नमुना सोबत नेऊन तो पाकिटात सरकवून पाहावा. कार्ड आत गेल्यावर दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर जागा उरली पाहिजे. आत घुसवावे लागणारे कार्ड बाहेर काढताना कोपऱ्यांवर चुरगळते.

पाकीट घरी करायचे असल्यास साध्या ए-४ कागदातून २० सेंटिमीटर बाजूचा चौरस कापावा. कागद शंभर जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचे हे माप पुढे समजावले आहे) आसपासचा असावा. चौरस आपल्यापुढे तिरपा, म्हणजे एक कोपरा आपल्याकडे येईल असा ठेवावा, कार्ड त्याच्या मधोमध आडवे ठेवावे, आणि डावा व उजवा कोपरा कार्डावर दुमडून घ्यावा. दुमडताना कार्डाला अगदी चिकटून घडी घालू नये, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर सैल सोडावे. त्यानंतर खालचा कोपरा वर आणि वरचा कोपरा खाली दुमडून चारही घड्या पक्क्या कराव्यात व कागद पुन्हा उलगडावा. घड्यांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे, चार ठिकाणी, कडेला छोटे त्रिकोण उरलेले दिसतील. ते कात्रीने कापून टाकले की पाकिटाचे कोपरे स्वच्छ बसतात. मग बाजूच्या दोन पाळ्या आत घेऊन खालची पाळी त्यांच्यावर गोंदाने चिकटवावी. गोंद पाळीच्या कडेलाच, बोटभर अंतर आत सोडून लावावा, कारण तो आत पसरला तर कार्ड पाकिटाला चिकटून बसते. उरलेल्या ९७ मिलिमीटर रुंद पट्टीतून पाकिटाला आतून रंगीत अस्तर लावता येते.

कागद आणि त्याचा कल

कागदाच्या जाडीविषयी बोलताना दुकानदार जीएसएम हा शब्द वापरतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन असा त्याचा अर्थ आहे. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि कार्डासाठी तो फार पातळ पडतो. कार्डाच्या मुख्य शीटसाठी २१० ते २५० जीएसएम, आतल्या मजकुराच्या पानासाठी १०० ते १२० जीएसएम असे प्रमाण मला योग्य वाटते. तीनशेच्या पुढचा कागद हाताला श्रीमंत लागतो खरा, पण घरच्या साधनांनी त्याची घडी नीट बसत नाही. एकदोन शीट घ्यायच्या असतील तर बर्डी किंवा महालातली स्टेशनरीची दुकाने पुरेशी आहेत. पन्नासशंभर शीट एकदम घ्यायच्या असल्यास इतवारीच्या ठोक बाजारात चौकशी करणे परवडते. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे कापून उरलेले जाड, रंगीत तुकडे पडलेले असतात आणि विनंती केल्यास ते नाममात्र पैशांत देतात. जुन्या लग्नपत्रिका तर आपल्याकडे प्रत्येक घरात असतातच. त्यांच्यावरच्या सोनेरी वेलबुट्टीचे तुकडे कापून ठेवले तर चमकी विकत घेण्याची गरज राहत नाही. फक्त गणपतीचे चित्र कापताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे, असा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्ट. कागदातले तंतू सामान्यतः एका दिशेने पडलेले असतात, आणि त्या दिशेला समांतर घातलेली घडी सरळ व मऊ येते, आडवी घातलेली घडी तडकते. दिशा ओळखण्यासाठी शीट न मोडता आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलकेच वाकवून पाहावी. ज्या बाजूने ती कमी विरोध करते त्या वाकाला तंतू समांतर आहेत असे समजावे. बहुतेक ए-४ कार्डशीटमध्ये तंतू लांब बाजूला समांतर असतात. त्यामुळे संपूर्ण ए-४ शीट मधोमध दुमडून मोठे कार्ड केले तर घडी तंतूंना आडवी जाते आणि तडकते. तीच शीट आधी कापून, वर सांगितल्याप्रमाणे लहान कार्ड केले तर घडी तंतूंच्या दिशेने जाते. माझी ती बारा कार्डे कागदाच्या दर्जामुळे बिघडली नव्हती, मोठ्या आकारामुळे बिघडली होती, हे समजायला मला दोन वर्षे लागली.

घडी

लागणारी साधने थोडी आहेत : स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी, कटर, कापण्यासाठी मॅट किंवा तिच्याऐवजी जाड पुठ्ठा, टोकदार पेन्सिल, शाई संपलेला बॉलपेन आणि एक स्टीलचा चमचा. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी कटरखाली धरू नये. पाते तिच्या कडेत शिरते आणि बोटावर येते. कापताना एकाच दाबात कागद आरपार करण्याचा प्रयत्न न करता हलक्या हाताने दोन-तीन वेळा पाते फिरवावे.

घडीसाठी वरच्या आणि खालच्या कडेवर १०५ मिलिमीटरवर बारीक खूण करावी. शीटखाली वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्यांची गादी ठेवावी, दोन्ही खुणांना पट्टी लावावी आणि संपलेल्या बॉलपेनने एकदा, बेताच्या दाबाने, पूर्ण रेघ ओढावी. कागदावर चर पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. येथे बहुतेक लोक चरीच्या दिशेने कागद मिटतात, आणि ते दिसायला स्वाभाविक असले तरी चूक आहे. चर कार्डाच्या बाहेरच्या बाजूला राहील आणि उंचवटा आत जाईल अशी घडी घालावी. अशा घडीत बाहेरच्या तंतूंवर ताण कमी येतो. म्हणजेच रेघ कार्डाच्या बाहेरच्या बाजूने ओढायची असते. दुमडताना आधी दोन्ही कोपरे जुळवून बोटाने मधला भाग दाबावा, मग घडीवर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने ती पक्की करावी. मध्ये कागद न ठेवता चमचा फिरवला तर गडद शीटवर चकाकणारा पट्टा उमटतो आणि तो जात नाही.

नागपूरचे हवामान आणि गोंद

कागदकामाची पुस्तके आणि व्हिडिओ ज्या हवेत तयार होतात ती हवा आपल्याकडे नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दाराखिडक्या बंद असलेल्या कोरड्या खोलीत कागदाच्या कडा वर वळतात, आणि पांढरा गोंद शीटवर पसरेपर्यंत अर्धा वाळलेला असतो. कूलर लावला की नेमके उलटे होते : त्याच्या ओलसर वाऱ्याने कागद पाणी शोषून घेतो, फुगतो, आणि कार्ड कोरड्या खोलीत नेल्याबरोबर लाटा पडतात. चिकटवलेले दोन थर वेगवेगळ्या वेगाने वाळत असल्यामुळे कार्ड बशीसारखे वाकते. मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद ठेवून कोणी काम करील अशी अपेक्षा करणे योग्य नाही, म्हणून उन्हाळ्यात चिकटवण्याचे काम सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान उरकावे आणि दुपारी फक्त कापणे, आखणे, मजकूर जुळवणे अशी कोरडी कामे ठेवावीत. कोऱ्या शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सपाट, वजनाखाली ठेवाव्यात. उभ्या ठेवलेल्या शीट आठवड्याभरात वाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये वाळवलेल्या फुलांना बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या छंदाचा खरा हंगाम आहे.

गोंदाबाबत एकच नियम पुरतो : शक्य तितका कमी. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते आणि त्या पाण्यानेच कागद सुरकुततो. लहान तुकड्यांना तो काडीने किंवा बारीक ब्रशने कडेकडेने लावावा. मोठे पान चिकटवताना ग्लू स्टिक किंवा दुहेरी चिकटपट्टी वापरावी. चिकटवल्यानंतर कार्ड दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून त्यावर चार जाड पुस्तके ठेवावीत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावू नये.

मजकूर सजावटीच्या आधी

मजकूर आधी लिहून घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. सजावट झाल्यावर अक्षर चुकले तर संपूर्ण कार्ड जाते. कोऱ्या पानावर चुकले तर एक पान जाते. त्यामुळे मजकूर नेहमी आतल्या वेगळ्या, १२० जीएसएमच्या पानावर लिहावा आणि ते पान शेवटी कार्डात चिकटवावे. हे पान कार्डापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर लहान कापावे.

देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात, म्हणून पेन्सिलीची रेघ अक्षरांच्या माथ्यावर आखावी. दोन ओळींमध्ये अक्षराच्या उंचीइतके तरी अंतर सोडावे, कारण खालून उकार आणि वरून वेलांटी, रफार एकमेकांत अडकतात. ओळ पानाच्या मध्यावर यावी असे वाटत असल्यास तीच ओळ त्याच पेनने आधी कच्च्या कागदावर लिहावी, तिची लांबी मोजावी आणि निम्मे अंतर मध्यापासून डावीकडे धरून सुरुवात करावी. बोरूने लिहिण्याची हौस असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन अक्षरांच्या पेनपेक्षा उलट्या तिरकेपणाने कापलेले असते. रोमनसाठीचे पेन घेतले तर अक्षरांची जाडी नको तिथे येते. हातमागाच्या कापडासारख्या खडबडीत हँडमेड कागदावर शाई फुटते, तिथे बारीक टोकाचे पिगमेंट पेन बरे.

शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करू नये. ‘हार्दिक’मधला ‘दि’ ऱ्हस्व आहे, ‘शुभेच्छा’मध्ये ‘च्छ’ आहे, ‘दिवाळी’ ऱ्हस्व आणि ‘दीपावली’ दीर्घ. छापील कार्डावरची चूक लोक छापखान्याच्या माथी मारतात, हाताने लिहिलेली चूक आपल्याच नावावर राहते. मजकूर दोन-तीन ओळींचाच असावा, पण त्यात ज्याला कार्ड द्यायचे त्याच्याविषयीची एक तरी खरी गोष्ट असावी. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या पाहुण्यासाठी केलेल्या कार्डात केवळ मंगल कामना लिहिण्यापेक्षा ‘मागच्या वर्षी गर्दीत आपली चुकामूक झाली, यंदा सकाळीच भेटू’ ही ओळ जास्त वेळ वाचली जाते.

सजावट : फुले

वाळवलेली फुले हा सर्वांत कमी खर्चाचा आणि पोस्टाने पाठवायला सर्वांत सोयीचा प्रकार आहे, कारण त्यांना जाडी नसते. आपल्या गावात त्यासाठी बोगनवेल सर्वोत्तम. तिची रंगीत पाने मुळातच कागदासारखी पातळ असतात आणि वाळल्यावरही त्यांचा रंग बराच टिकतो. फुले सकाळी दव वाळल्यावर तोडावीत, टिपकागदाच्या किंवा वर्तमानपत्राच्या दोन थरांमध्ये एकमेकांना न लागता मांडावीत आणि जाड पुस्तकात ठेवून वर वजन ठेवावे. पहिले तीन दिवस रोज कागद बदलावा. उन्हाळ्यात आठवडाभरात, थंडीत दहा-पंधरा दिवसांत ती तयार होतात. उचलताना बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावीत आणि गोंदाचा एकच ठिपका, मागच्या बाजूला, मध्यावर लावावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर पडले की पळस पेटलेला दिसतो आणि तो कार्डावर आणण्याचा मोह होतो. पण पळसाच्या पाकळ्या मांसल असतात, दाबल्यावर काळवंडतात. त्यापेक्षा त्यांचा रंग घ्यावा. ओंजळभर ताज्या किंवा सुकलेल्या पाकळ्या दोन कप पाण्यात पाणी निम्मे होईपर्यंत उकळाव्यात आणि गाळून घ्याव्यात. पिवळा-केशरी रंग मिळतो, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर तो अधिक केशरीकडे झुकतो. या पाण्याचा रुंद ब्रशने एक हात जाड कागदावर फिरवून कागद चारही कडांना टेप लावून पाटावर वाळवावा, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. हा रंग सततच्या उजेडात फिका होत जातो, त्यामुळे भिंतीवर लावायच्या वस्तूसाठी तो उपयोगाचा नाही. पाकिटात राहणाऱ्या कार्डाला चालतो.

कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेले क्विलिंग सुंदर दिसते, पण त्याची उंची तीन मिलिमीटर तरी भरते. ते हातात द्यायच्या कार्डांसाठी राखून ठेवावे.

तान्ह्या पोळ्याचे उभे राहणारे कार्ड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, एकीकडे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मुले लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागायला येतात. त्या मुलांसाठी कार्ड उघडताच उभा राहणारा नंदी करणे वाटते तितके अवघड नाही.

बाहेरच्या कार्डापेक्षा किंचित लहान, १२० जीएसएमचे आतले पान घेऊन ते मधोमध दुमडावे आणि घडी वर राहील असे आडवे धरावे. घडीच्या मध्यभागी, एकमेकांपासून २ सेंटिमीटर अंतरावर, घडीपासून खाली ३ सेंटिमीटर लांबीचे दोन समांतर काप द्यावेत. कापांच्या टोकांना जोडणारी रेघ संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्यावी. पान उघडून मधली पट्टी आतल्या बाजूला ढकलली की पायरीसारखी चौकट पुढे येते. बैलाचे चित्र वेगळ्या जाड कागदावर काढून, कापून, या पायरीच्या पुढच्या उभ्या बाजूवर चिकटवावे. पाय पायरीच्या तळाशी टेकलेले असावेत. नंतर आतले पान बाहेरच्या कार्डात चिकटवताना पायरीच्या मागच्या भागाला गोंद लागणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर नंदी उठतच नाही.

चित्र किती उंच असावे याचा हिशेब सोपा आहे. कार्ड मिटताना चित्र घडीपासून दूर सरकते, म्हणून पायरीची खोली आणि चित्राची उंची यांची बेरीज पानाच्या १०५ मिलिमीटरपेक्षा कमी असली पाहिजे. पायरी ३० मिलिमीटरची असेल तर नंदी शिंगांसह ६५ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. जास्त झाल्यास मिटलेल्या कार्डातून शिंगे बाहेर डोकावतात. मुलांना तेच जास्त आवडते, ही गोष्ट वेगळी.

मागच्या पानावर बोजाऱ्याची नोट ठेवण्यासाठी खिसा करता येतो. दहाची नोट १२३ × ६३ मिलिमीटर आणि शंभराची १४२ × ६६ मिलिमीटर असते, त्यामुळे दोन्ही न दुमडता आडव्या मावतात. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब असल्याने ती या कार्डात सरळ राहत नाही. इतका बोजारा देणाऱ्याने कार्ड मोठे करावे.

पोस्टात टाकण्याआधी

ए-४ कागदाचे क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग असते, त्यामुळे वजनाचा अंदाज काट्याविना काढता येतो. २४० जीएसएमची पूर्ण शीट १५ ग्रॅम, तिच्या निम्म्यातून झालेले कार्ड साडेसात ग्रॅम, आतले पान पावणेचार ग्रॅम आणि शंभर जीएसएमचे २० सेंटिमीटर चौरसातले पाकीट ४ ग्रॅम, असे एकूण सव्वापंधरा ग्रॅम भरतात. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असल्यामुळे सजावटीसाठी पावणेपाच ग्रॅम उरतात; फुले आणि रंग त्यात सहज बसतात, मणी आणि आरसे बसत नाहीत. तिकीट कमी पडले तर दंड कार्ड घेणाऱ्याला भरावा लागतो, म्हणून शंका असल्यास पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्यावे.

पत्ता चकचकीत किंवा गडद पाकिटावर थेट न लिहिता पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवावा आणि सहा अंकी पिनकोड सुटा, ठळक लिहावा. जेल पेनची शाई पावसाळ्यात फुटते. पत्त्यासाठी साधा बॉलपेन वापरावा, मात्र कार्ड आत घालण्यापूर्वीच, कारण भरलेल्या पाकिटावर लिहिले की प्रत्येक अक्षराचा दाब आतल्या कार्डावर उमटतो. फुलांचे कार्ड असल्यास पाकिटात पातळ पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवावा आणि तिकिटाचा कोपरा फुलाच्या अगदी वर येणार नाही असे कार्ड फिरवून ठेवावे, कारण शिक्का तिथेच बसतो. दिवाळीची कार्डे करताना माझा बेत असा असतो की दसऱ्यापर्यंत घड्या आणि पाकिटे, कोजागरीपर्यंत मजकूर, आणि त्यानंतरच्या रविवारी चिकटवणे; म्हणजे सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत ती सणाच्या साधारण आठवडाभर आधी पोहोचतात.